सारवण

शेफिल्डमध्ये नोव्हेंबरात चारलाच अंधार पडतो.
प्रयोगशाळेत मी एकटी, पात्यावर ठिबकणारं पाणी,
आणि मेणात रोवलेला एक दुधाचा दात:
खालचा, पुढचा, डावा.
माझ्या मुलीचा.

तसा तो रीतसर माझाच. उशीखालून उचलताना
परीच्या नावानं दोन पौंड मोजलेत मी.
आई फोनवर म्हणाली, उंदराला नाही दिलात?
म्हटलं, इथे तो धंदा परीकडे आहे.

हिऱ्याची करवत दाताला लागते
तेव्हा पहिल्या पाऊण मिलिमीटरात तिचा सूर चढतो,
खाली नदीकाठच्या बंद कारखान्यांत
एकेकाळी सहाणेवर सुऱ्यांचा चढत असेल, तसा.
मग डेंटिन लागतं, आणि आवाज उतरतो.
शंभरात शहाण्णवच्या आसपास खनिज.
उरलेलं पाणी, आणि चिमूटभर प्रथिन.
सुरीच्या पोलादाशी टक्कर घेईल इतकं कठीण,
आणि फुटायचं तर काचेसारखं फुटेल.
आत ना रक्त, ना नस.
म्हणून दुखत नाही. म्हणून भरूनही येत नाही.

हे बांधणाऱ्या पेशी पहिल्यांदा पाहिल्या
तेव्हा मला नेसरीची कोंडाबाई आठवली,
ओणवी, सारवत सारवत मागे सरकणारी,
ओल्यावर आपलाच पाय पडू नये म्हणून.
दिवसाला केसाच्या विसाव्या हिश्शाइतकं.
प्रत्येकीच्या पुढ्यात एक दांडी उभी राहते,
शेजारणीच्या दांडीत अडकून बसलेली.
शेवटी उंबरठा येतो. दात हिरडी फोडून वर निघतो
आणि त्या जातात, त्या कायमच्या.
डागडुजीला कुणी परत येत नाही.

शेजारच्या एडना स्टॅनिफोर्थ, वय एक्याण्णव,
लग्नाआधी वडिलांनी भेट म्हणून त्यांचे सगळे दात काढवून घेतले.
चांगले होते की, म्हणतात.
पण नवऱ्याला पुढे खर्च नको.
सांगताना हसतात,
कवळी हसण्याच्या थोडी मागे राहते.

छेद काचेखाली सरकवते.
रेषा दिसते. दिसणारच होती, दरवर्षी शिकवते मी ही:
बाळ बाहेर येतं, थंडी, उजेड, भूक,
आणि कोंडाबाईचा हात थबकतो.
बहुतेकांत बारीक असते. ही रुंद आहे.
एकोणीस तास, आणि मग अकरा दिवस काचेच्या पेटीत.
मला आठवतं ते भिंतीवरचं घड्याळ,
आणि कुणीतरी माझ्या पायांत घातलेले मोजे, दोन रंगांचे.
बाकीचं मी विसरले. विचारलं कुणी तर म्हणते,
झालं की नीट.
थांबलेल्या दिवसांना वेगळ्या खुणा नसतात.
नुसती एक काळी जाडी.

रेषेच्या बाहेर तिचं दूध, तिचं गाजर, यॉर्कशरचं पाणी.
आत मी. ब्रॅमल लेनजवळच्या त्या भाड्याच्या खोलीत
रोज सकाळी नाकं मुरडत प्यालेली नाचणीची पेज.
मी दिवा बंद केला. मोजायचं राहिलं.

घरी आले तर ती एडनाकडे लेमनेड पीत होती.
ग्लास काढून घेतला.
पण हे पडणारच आहेत ना, ती म्हणाली,
फटीत जीभ घालून.
मग उदार होऊन तोंड उघडलं: नवा बघ.
बोटाला लागले तीन बारीक कंगोरे,
कुणीच अजून काही न चावलेली कड.

हा दात सुरू होतो जन्मानंतर तीन महिन्यांनी.
याला रेषा नाही.
हे सगळं सारवण
तिचं तिनं केलंय.